समासातला ‘कोणी?’

सरकारी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या गोव्यातल्या मुलांचं इंग्रजी कच्चं राहतं, हे इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालायचाही कंटाळा येतो. पेडण्यातल्या आमच्या पिढीची वाट ठरलेली होती. चौथीपर्यंत वाड्यावरची मराठी शाळा, पाचवीला हायस्कूल, आणि मधल्या एका मे महिन्याच्या सुट्टीत विज्ञानापासून इतिहासापर्यंत सगळं इंग्रजीत. प्राथमिक शाळेच्या माध्यमावरून गोव्यात किती रण माजलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. १९९० ला अनुदान फक्त मराठी-कोकणीला, २०११ ला इंग्रजीलाही, मग मोर्चे, मग निवडणुका. पण पाचवीनंतर जे इंग्रजी शिकवलं जातं ते नेमकं कशासाठी, याबद्दल कोणी तोंड उघडलेलं मला आठवत नाही. ते येतंच, असं धरून चालायचं.

ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात, समाजशास्त्राच्या एम.ए.ला गेले तेव्हा मीही तसंच धरून चालले होते. साष्टीतल्या, घरी इंग्रजी बोलणाऱ्या मुली पुढे जाणार, आणि पेडणे-सत्तरी-डिचोलीचे आम्ही मागच्या बाकावर बसून माना डोलावणार. पहिल्या सेमिनारला झालंही तसंच. मडगावची एक मैत्रीण, जिचं इंग्रजी नुसतं ऐकत राहावं, अर्धा तास बोलली आणि आमच्यापैकी कोणालाही प्रश्न विचारायचा धीर झाला नाही. मग लेखी काम परत मिळालं. तिच्या कागदावर आमच्याइतकीच लाल शाई. शेवटी एकच ओळ होती: ‘वाहतं छान, पण म्हणायचं काय आहे?’ ती दुपारभर कँटीनमध्ये पातळ भाजी-पाव समोर ठेवून बसून राहिली होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिला कोणीतरी इंग्रजीवरून बोललं होतं.

त्या दिवशी आमच्या दोन बाकांमधलं अंतर जरा कमी झालं. शोधनिबंधात लागतं ते इंग्रजी कोणाच्याच घरी बोललं जात नाही. मडगावात नाही आणि लंडनलाही नाही. मात्र तिला ते माझ्यापेक्षा सोपं गेलं नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. कुठल्या शब्दामागे कुठला शब्द येतो हे तिच्या कानाला कळत होतं, आणि मला ते एकेक करून शोधावं लागत होतं.

अशा वेळी गोव्यात कोणीतरी कोसंब्यांचा दाखला देतंच. साखवाळात जन्मलेले धर्मानंद कोसंबी पाली शिकून हार्वर्डपर्यंत पोचले, तिथे ग्रंथसंपादन केलं, त्यांचे पुत्र दामोदर यांनी इतिहासावर जगाने वाचावं असं इंग्रजी लिहिलं. खरं आहे. पण बावीस वर्षांच्या मुलीला असे दाखले दिले की धीर येण्याऐवजी ती आणखी गप्प बसते, असं माझं मत आहे. मला उपयोग झाला तो समासात पेन्सिलीने लिहिलेल्या एका शब्दाचा.

प्रबंधासाठी मी खाजनं निवडली होती. बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातली सखल जमीन बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखायची, ती खाजन. गोव्यात अशी जमीन सुमारे १८ हजार हेक्टर असल्याचं सांगतात. बांधात मानस असते, म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरतीचं पाणी चढलं की त्याच्या दाबाने दारं मिटतात, ओहोटी लागली की आतलं पाणी ती बाहेर ढकलतं. पावसात भात, भात कापून झालं की खारं पाणी आत घेऊन मासे नि कोळंबी. मानशीवर मासे धरायच्या हक्काचा लिलाव होतो आणि गावातली निम्मी भांडणं तिथून सुरू होतात. बांधाला भगदाड पडलं आणि ते वेळेत बुजवलं नाही, तर खारं पाणी शेतात मुरतं, मग खारफुटी धरते, आणि खारफुटीला कायद्याचं संरक्षण असल्यामुळे ते शेत पुन्हा शेत करणं जवळपास अशक्य होऊन बसतं. छापोरा आणि तेरेखोल नद्यांच्या काठाने हे चित्र जागोजागी दिसतं. माझा विषय होता ‘खाजनांची सद्यस्थिती’, असा ऐसपैस.

पहिल्या प्रकरणाचं पहिलं वाक्य मी असं लिहिलं होतं: ‘खाजन लँड्स हॅव बीन मेन्टेन्ड सिन्स टाइम इममेमोरियल, बट नाउ दे आर बीइंग निग्लेक्टेड.’ व्याकरण तपासा, बोट ठेवायला जागा नाही. ‘सिन्स टाइम इममेमोरियल’ हे तर आमच्या दहावीच्या निबंधांचं मंगलाचरणच. दूरदर्शन शाप की वरदान असो, नाहीतर झाडांचं महत्त्व, सुरुवात अनादि काळापासून.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी चार जागी रेघ मारली होती आणि समासात मराठीत चार प्रश्न लिहिले होते. कोणी? कधीपासून? कशावरून? आणि ‘निग्लेक्टेड’च्या खाली पुन्हा: कोणी?

“मॅडम, इंग्रजीत कुठे चुकलंय?” मी विचारलं.

“इंग्रजी ठीक आहे. तू बातमीच दिलेली नाहीस,” त्या म्हणाल्या. “बांध सांभाळत कोण होतं ते लिही. मग आता कोण सांभाळत नाही ते लिहावंच लागेल. सध्या तुझ्या वाक्यात माणूस नाही.”

घरी येऊन मी ते वाक्य पुन्हा लिहायला बसले, आणि लिहिता येईना. शब्दांची अडचण नव्हतीच. बांध पूर्वी कोण सांभाळायचं हे मला ढोबळ माहीत होतं: गावकरी, म्हणजे गावची जमीन सामायिकपणे सांभाळणारी संस्था, पोर्तुगीज कागदांतली कोमुनिदाद. पण नंतर ते काम कोणाकडे गेलं, केव्हा, कुठल्या कागदाने? कर्मणी प्रयोगाने ही सगळी भोकं व्यवस्थित झाकली होती. आपल्या सरकारी मराठीत ‘कार्यवाही करण्यात येत आहे’ म्हटलं की करणारा अंतर्धान पावतो ना, तेच. कर्मणी प्रयोग वाईट, असं मात्र नाही. प्रयोगशाळेत नमुना कोणी गाळला याला महत्त्व नसतं, तिथे तो शोभतो. माझी खोलीतली सोबतीण रसायनशास्त्राची, तिचा अख्खा प्रबंध त्यातच होता. माझ्या विषयात करणारा कोण यावरूनच गावात तंटा होता.

मग पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जाऊन बसू लागले. १८३२ पासूनचं हे ग्रंथालय. गोव्याबद्दलचं जे इतरत्र मिळत नाही ते इथे मिळण्याची शक्यता असते. कायद्याचा क्रम हळूहळू लागला. १९६४ चा कूळ कायदा, मग १९७५ चे कुळांच्या संयुक्त जबाबदारीचे नियम, ज्यांतून बांधांची देखभाल कूळ संघटनांच्या अंगावर आली, आणि १९७६ ची पाचवी दुरुस्ती, जिने कुळांना मालकी दिली. म्हणजे ‘अनादि काळ’ संपायची तारीख कागदावर होती. ‘कधीपासून’चं उत्तर मिळालं. ‘कोणी’साठी गावात जावं लागलं.

गावांची नावं प्रबंधात बदललेली आहेत, म्हणून इथेही देत नाही. कूळ संघटनेचे सचिव म्हणाले, बांध फुटला, पाऊसच तसा झाला. त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहणारे एक म्हातारे बाबा ओसरीवर जाळं विणत बसले होते. त्यांना विचारलं तर हसून म्हणाले, “बाय, बांध बांधतं कोण ते विचारू नकोस, फोडतं कोण ते विचार.” त्यांचं म्हणणं असं की मानशीचा लिलाव घेणारा जास्त मासळीसाठी दारं हवी त्यापेक्षा जास्त वेळ उघडी ठेवतो, पाण्याला ओढ लागते आणि बांधाचा पाया खचतो. लिलाव घेणाऱ्याने अर्थातच कानावर हात ठेवले. संघटनेच्या वहीत भगदाड पडल्याच्या तारखा होत्या, मजुरीचा खर्च होता, कारणाचा रकाना कोरा.

आता हे इंग्रजीत लिहायचं कसं? दहावीच्या निबंधाला दोनच सूर येतात: एक ठणकावून सांगायचा, दुसरा सांगायचंच नाही असा. ‘लिलाववाले बांध फोडतात’ लिहिलं तर माझ्याकडे पुरावा नाही. बाबांचं म्हणणं गाळलं तर मी सचिवांची बाजू घेतल्यासारखं होतं. या दोहोंच्या मधली पायरी म्हणजे विद्यापीठीय इंग्रजीचं अर्धं काम, हे मला तिथे कळलं. ‘मे’, ‘अपिअर्स टू’, ‘सजेस्ट्स’, ‘टेंड्स टू’, ‘अकॉर्डिंग टू’. शाळेत ‘मे’ आम्ही फक्त ‘मे आय कम इन, सर’पुरता वापरला होता. इथे त्याच्यावर माझ्या दाव्याचं वजन तोलायचं होतं. केन हायलंड या भाषाभ्यासकाने शोधनिबंधांतल्या अशा सावध शब्दांवर बरंच संशोधन केलं आहे. ते वाचलं तेव्हा बरं वाटलं, कारण मोठमोठे शास्त्रज्ञही असंच लिहितात, आणि ते भित्रे म्हणून नव्हे.

मला या बाबतीत सगळ्यात जास्त शिकवलं ते एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी. गावांनी सामायिक कुरणं, पाणी, मासेमारी कशी टिकवली यावर त्यांनी आयुष्यभर काम केलं, २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्याबद्दलच. खाजनावर लिहिणाऱ्याला त्यांना टाळून जाता येत नाही. १९९० साली त्यांनी टिकाऊ सामायिक व्यवस्थांमध्ये दिसणारी आठ तत्त्वं मांडली, आणि लगोलग सांगितलं की ही तत्त्वं अशा व्यवस्थेसाठी आवश्यक अटीच आहेत असा दावा करायला आपण अजून तयार नाही, त्यासाठी आणखी काम व्हायला हवं. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. जगभरची उदाहरणं गोळा केलेली बाई ‘अजून तयार नाही’ म्हणते, आणि आम्ही दोन गावं फिरून ‘धिस क्लिअरली प्रूव्हज’ लिहितो!

बाबांच्या त्या गोष्टीचं शेवटी जे वाक्य झालं ते मराठीत साधारण असं: ‘अभ्यासलेल्या दोन गावांपैकी एका गावातल्या काही कुळांच्या मते मानशीची दारं दीर्घकाळ उघडी ठेवल्यामुळे बांध कमकुवत होतो, लिलावधारकाने हे नाकारलं, संघटनेच्या नोंदींत भगदाडांच्या तारखा आहेत, कारणं नाहीत.’ मूळ इंग्रजी वाक्यात एकही भारी शब्द नाही. तरी तिथवर यायला मला पाऊसभर लागला, कारण ‘काही कुळांच्या’ लिहिण्याआधी किती कुळांशी बोलायचं ते ठरवावं लागलं, आणि ‘नाकारलं’ लिहिण्याआधी त्या लिलावधारकाच्या दारात जावं लागलं. आईला वाटायचं मी अभ्यास सोडून गावभर हिंडते.

सावधपणाचाही अतिरेक होतो. मध्यंतरी माझी वाक्यं ‘इट मे पॉसिब्लि सीम टू सजेस्ट’ अशी होऊ लागली होती. मॅडमनी एका ठिकाणी लिहिलं: ‘एवढी भीती वाटत असेल तर वाक्यच काढून टाक.’ काढून टाकलं. परिच्छेद सुधारला.

वाचायचं कसं, हे मात्र कोणी आपणहून शिकवलं नाही. आम्हाला यादी मिळायची, वाचा म्हणून. मी सुरुवातीला प्रत्येक शोधनिबंध पहिल्या शब्दापासून शब्दकोश घेऊन वाचायचे आणि तिसऱ्या पानावर डुलक्या काढायचे. वरच्या वर्गातल्या एका दादाने जॉन स्वेल्स या भाषाभ्यासकांचं नाव सांगितलं. प्रस्तावनेत लेखक तीन चाली खेळतो, असं त्यांनी दाखवलं होतं. १९९० सालचंच हे काम. आधी प्रांत दाखवायचा, म्हणजे हा विषय महत्त्वाचा आहे आणि अमक्या-तमक्याने यावर लिहिलंय. मग त्यात मोकळी जागा दाखवायची, म्हणजे याकडे मात्र कोणी पाहिलेलं नाही. मग ती जागा आपण धरायची. मी छापलेल्या निबंधांच्या समासात पेन्सिलीने एक, दोन, तीन असे आकडे टाकू लागले. दुसरी चाल बहुतेक वेळा ‘हाउएव्हर’पाशी सापडते. एकदा हे दिसायला लागलं की पूर्वी भिंतीसारखा वाटणारा मजकूर उलगडतो. मासिकांतल्या पेपरांत ते सगळं दोन पानांत उरकलेलं असतं, प्रबंधांत पसरट. शोधगंगेवर आपल्याकडचे प्रबंध मोफत वाचायला मिळतात, तेही चाळले. त्यांतल्या कितीतरी प्रबंधांना पहिली चाल आहे आणि तिसरी आहे, मधली नाहीच. प्रांत मोठा, आम्ही तिथे आलो, बस. मोकळी जागा दाखवायची तर आधीच्यांनी काय केलं नाही हे सांगावं लागतं, आणि आपल्याकडे ज्येष्ठांबद्दल असं लिहिणं जड जातं. मलाही गेलं. गोव्यातल्या खाजनांवर पर्यावरणाच्या बाजूने पुष्कळ लिहिलं गेलंय, कूळ संघटनांच्या रोजच्या कारभारावर कमी, हे एक वाक्य लिहिताना मला उगाचच कोणाचा तरी अपमान करतेय असं वाटत होतं.

शब्दसंग्रहावर मात्र मी फार वेळ घालवला आणि त्यातून फार मिळालं नाही. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली तयार केलेली विद्यापीठीय शब्दांची यादी आहे, ५७० शब्दकुलांची. विद्यापीठीय मजकुरातला साधारण दहावा हिस्सा या शब्दांनी भरलेला असतो. यादी छापून पलंगाशेजारी चिकटवली, पाठ केली. वाचताना उपयोग होतो, नाकारत नाही. लिहिताना मात्र ‘कॉन्स्टिट्यूट’ माहीत असून भागत नाही, तो कोणाच्या शेजारी बसतो ते माहीत लागतं. त्याला औषध म्हणून भाषासंग्रह सापडले. मार्क डेव्हिस यांचा अमेरिकन इंग्रजीचा संग्रह आहे, १०० कोटींहून जास्त शब्दांचा, नोंदणी करून वापरता येतो. एक शब्द घालायचा आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे काय येतं ते ओळीने बघायचं. बांध फुटण्यासाठी मी सगळीकडे ‘ब्रोकन’ लिहीत होते. संग्रहात धरणं, तटबंद्या, बंधारे यांच्या शेजारी ‘ब्रीच’ रांगेने उभा होता. रोज रात्री जेवणानंतर अशा एक-दोन शब्दांचा माग काढायचा, एवढी सवय ठेवली. मडगावच्या मैत्रिणीला हे लागत नव्हतं. तिला विचारलं तरी उत्तर मिळायचं, पण ‘असंच म्हणतात’ याच्यापुढे तिलाही कारण देता येत नसे.

क्रियापदाचं नाम करायची विद्यापीठीय इंग्रजीची खोड तर प्रसिद्धच आहे. ‘लोकांनी शेती सोडली’ असं न म्हणता ‘शेतीचा त्याग’ म्हणायचं. भाषाशास्त्रज्ञ मायकेल हॅलिडे यांनी याची फोड करून दाखवली आहे. यात नुसता दिखावा नसतो. पहिल्या वाक्यात कोणी, कधी, का शेती सोडली ते सांगून झालं की दुसऱ्या वाक्यात ती सगळी हकिकत एका नामात गुंडाळून पुढे नेता येते: या त्यागामुळे बांधाचा वाटेकरी कमी झाला, वाटेकरी कमी झाल्यामुळे मजुरी परवडेना, वगैरे. साखळी तुटत नाही. अडचण तेव्हाच, जेव्हा पहिलं वाक्य लिहिलेलंच नसतं आणि लेखक थेट नामापासून सुरू करतो. मग पुन्हा समासात ‘कोणी?’ पुढेपुढे मीच ते पेन्सिलीने लिहून ठेवायचे, मॅडमच्या आधी.

आता टक्केवारीबद्दल, म्हणजे आपला मजकूर आधीच्या लिखाणाशी किती जुळतो त्याबद्दल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, त्यापुढे पायऱ्यापायऱ्यांनी कारवाई. अवतरणं, संदर्भसूची, कायद्यांची नावं मोजणीतून वगळतात; ओळीने १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्यही धरत नाहीत. वसतिगृहात परीक्षेच्या गुणांसारखी चौकशी चालायची, “तुझे किती आले?” आणि टक्के उतरवायचा एक रामबाण उपाय सगळ्यांना ठाऊक होता: शब्द काढून त्याच्या जागी दुसरा समानार्थी घालायचा. एका वर्गमित्राने ‘टेनंट’च्या जागी सगळीकडे ‘ऑक्युपंट’ घातलं. टक्के उतरले. पण गोव्यात कूळ म्हणजे नुसता जमिनीवर बसलेला माणूस नव्हे, त्याच्यामागे १९६४ चा कायदा उभा आहे. साम्याबरोबर अर्थही धुऊन निघाला.

मला जमलेला उपाय जुना आहे. निबंध वाचायचा, मिटायचा, आणि रसायनशास्त्राच्या त्या सोबतिणीला जेवताना मराठीत सांगायचा. ती सत्तरीतली, शेतीची माहीतगार आणि अतिशय शंकेखोर. “मग त्या लोकांनी संघटनेला पैसे का दिले नाहीत?” असं तिने विचारलं आणि मला सांगता आलं नाही, म्हणजे मला निबंध समजलेला नाही, परत उघडायचा. सांगता आलं तर लगेच, ताट उचलायच्या आधी, इंग्रजीत चार ओळी लिहून टाकायच्या. त्या ओळी मूळ लेखकाच्या राहतच नाहीत, कारण त्या सत्तरीच्या शंकांना दिलेली उत्तरं असतात. वर्ष नि आडनाव तेवढं जोडायचं. माध्यमाच्या वादात मराठीत विचार केल्याने इंग्रजी बिघडतं असं सांगणाऱ्यांनी एकदा आमच्या मेसमध्ये जेवायला यायला हवं होतं.

यंत्रांचंही सांगते, कारण हल्ली पहिला प्रश्न तोच येतो. व्याकरण तपासणारी आणि वाक्यं नव्याने लिहून देणारी साधनं मी वापरली. ‘द’ आणि ‘अ’ यांच्या चुका ती पकडतात आणि मराठी माणसाला त्या आयुष्यभर पुरतात, कारण आपल्या भाषेत असलं काही नाही. पण अख्खा परिच्छेद दिला की यंत्र तो गुळगुळीत करून देतं, आणि गुळगुळीत करताना नेमकं ‘काही कुळांच्या मते’ गळून पडतं. ‘काही कुळांच्या मते कमकुवत होतो’ याचं ‘कमकुवत होतो’ झालेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. वाचायला सुंदर. पण ते वाक्य माझं नव्हतं आणि बाबांचंही नव्हतं. तेव्हापासून परिच्छेद देणं बंद, एकेक वाक्य देऊन चुका तेवढ्या बघते.

बोलण्याची धास्ती शेवटपर्यंत पूर्ण गेली नाही. फरक एवढाच पडला की उत्तर माहीत नसताना काय म्हणायचं ते कळलं. पूर्वी मी गप्प बसायचे किंवा आठवेल ते बोलत सुटायचे. आता ‘माझ्या माहितीवरून हे सांगता येणार नाही, तेवढ्या मुलाखती माझ्याकडे नाहीत’ हे इंग्रजीत न अडखळता म्हणू शकते. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्याच वाक्यावर बोट ठेवलं. “‘सम टेनंट्स’ म्हणजे किती? आणि लिलावधारकाला खरंच भेटलात?” मी वही उघडून तारीख दाखवली. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न संदर्भसूचीतल्या स्वल्पविरामांवर विचारला. त्यात मात्र मी गारद झाले.

प्रबंधातलं एक प्रकरण निबंध करून एका नियतकालिकाला पाठवलं होतं. गेल्या महिन्यात दोन परीक्षकांचे अभिप्राय आले. पहिल्याने प्रस्तावना निम्मी करायला सांगितलीय आणि भाषेवर ‘इंग्रजी मातृभाषा असलेल्याकडून तपासून घ्यावं’ असा तो ठरलेला शेरा मारलाय. मडगावच्या मैत्रिणीला पाठवला, तिने चार ‘द’ घातले, दोन काढले, आणि विचारलं की मातृभाषा कोकणी असलेल्याने तपासलं तर चालेल ना. दुसऱ्याने भाषेवर अक्षर लिहिलेलं नाही. त्याने ‘दारं दीर्घकाळ उघडी ठेवल्यामुळे’ याच्या पुढे लिहिलंय: दीर्घकाळ म्हणजे किती, आणि कशाच्या तुलनेत? याचं उत्तर माझ्या वह्यांत नाही. मानशीवर बसून भरती-ओहोटीच्या वेळा नि दारांच्या वेळा शेजारी शेजारी मांडाव्या लागतील. सचिवांना फोन केला तर म्हणाले, शिगमो होऊन जाऊ दे, मग ये.